तीन भाषांतलं आमंत्रण

आमच्या गावाचं नाव तुम्ही वाचलेलं आहे. तिकिटावर, मधल्या ओळीत. वर निघायचं गाव, खाली पोचायचं गाव आणि मध्ये आम्ही. ज्या दिवसांची ही गोष्ट आहे त्या दिवसांत ग्रीनलंडमध्ये यायचं तर आमच्याकडे उतरावं लागे आणि ग्रीनलंडमधून जायचं तर आमच्याकडूनच चढावं लागे, कारण समुद्रावरून येणारं धुकं आमच्या लांबलचक खाडीच्या टोकापर्यंत पोचता पोचता दमून जातं आणि धावपट्टी कायम उघडी राहते. पाचशे माणसं, त्याहून कितीतरी जास्त कस्तुरीबैल, आणि इमारतीवर पाटी 'आंतरराष्ट्रीय'. आंतरराष्ट्रीय म्हणजे काय, तर कोपनहेगनहून आलेला ताजा टोमॅटो आमच्या डोळ्यांदेखत राजधानीच्या, नूकच्या विमानात चढतो आणि आम्ही त्याला हात हलवून निरोप देतो.

या विमानतळाचा मी आवाज आहे. बढाई नाही, नोकरीच तशी आहे. एकोणीस वर्षं मी, सिवर्ट ल्यूबर्थ, काचेच्या खोलीत बसून लोकांना सांगतो आहे की तुमचं विमान आलं, तुमचं विमान येणार नाही, तुमची पिशवी सापडली, तुमचं मूल सापडलं. माझा आवाज थांबला की माणसं थांबतात, चालला की चालतात. घरी मात्र मी बोललो तर माझी बायको बिबियाने वर्तमानपत्राचं पान उलटते.

तर बिबियाने पन्नास वर्षांची होणार होती. पन्नाशीला काफेमिक करायलाच हवं. काफेमिक म्हणजे घराचं दार सताड उघडं टाकायचं, कॉफीचं भांडं चुलीवर चढवायचं, टेबल केकांनी भरायचं आणि गावात सांगून टाकायचं. ज्याला वाटेल तो येतो, जोडे दाराशी काढतो, दोन कप पितो, मागचा आला की पुढचा उठतो. काफेमिक कसं झालं हे केकवरून कुणी ठरवत नाही. रस्त्यानं जाणारा दाराशी पडलेल्या जोड्यांकडे एक नजर टाकतो आणि त्याला कळतं.

आणि या काफेमिकला सासूबाई येणार होत्या.

सासूबाई, केतुरा, सिसिमिउतच्या. तिथं त्यांच्या पणज्याचं घर आहे, आज्याचं घर आहे, समोर समुद्र आहे आणि प्रत्येक दगडाला नाव आहे. आमच्याकडे दगडांना नावं नाहीत. आमच्या गावात कुणाचा पणजा नाही; जो तो कामासाठी आला आणि राहिला. एकोणीस वर्षांत सासूबाई आमच्या विमानतळावरून पंचवीसएक वेळा तरी गेल्या असतील. दर वेळी मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसायच्या. आमचं घर तिथून चारशे पावलांवर. बिबियाने थर्मासमधून कॉफी घेऊन जायची आणि आईला म्हणायची, चल ना घरी. सासूबाई म्हणायच्या, नको, विमान चुकेल. मग आमच्या गावावर गाणं म्हणायच्या.

हे सांगायला हवं. आमच्या जुन्या माणसांत गाण्यानं चिमटे काढायची रीत होती. ज्याच्यावर गाणं म्हटलं त्यानं रागवायचं नाही, हसायचं, आणि जमलं तर गाण्यानंच उत्तर द्यायचं. सासूबाईंना ती रीत आईच्या दुधातून मिळालेली. माझ्याकडे पाहून, बोटांनी पिशवीवर ताल धरून, अगदी हळू म्हणायच्या:

*माझ्या लेकीच्या गावाला, दारं आहेत गं दोन*
*एकातून येतं कोण, एकातून जातं कोण*
*राहतं कोण?*

मी हसायचो. उत्तर काही द्यायचो नाही. माईक समोर नसला की मला सुचत नाही.

आठवडाभर आधी बिबियानेनं चहाचा कप दोन्ही हातांत धरून मला सांगितलं, "केक जळला तरी चालेल, सिवर्ट. दाराशी जोडे हवेत. आईनं एकदा म्हणावं की हे घर आहे." एवढंच म्हणाली आणि कप धुवायला गेली. मी म्हटलं, सगळं माझ्यावर सोड. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक संकटांची सुरुवात याच वाक्यानं झालेली आहे.

पहिली अडचण परवानगीची. आमची घरं विमानतळाच्या मालकीची, आणि घरात वीसहून जास्त माणसं जमवायची तर अर्ज करावा लागतो. समारंभासाठी छापलेला अर्ज एकच होता, तो विमानांच्या प्रात्यक्षिकांसाठी केलेला. त्यात पहिला प्रश्न, विमानं किती. मी लिहिलं, शून्य. पंखांची एकूण लांबी, शून्य. इंधन, कॉफी. विमानतळाच्या साहेबांनी अर्ज बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं की विमानं नाहीत तर मग परवानगी कशाची मागता आहात. मी म्हटलं, माणसांची. ते म्हणाले, माणसांचा रकाना यात नाही. शेवटी 'शून्य विमाने, तीस माणसे' असं समासात लिहून शिक्का मिळाला. तो कागद मी दाराला चिकटवला आणि चार दिवस येणारा-जाणारा हसत राहिला.

दुसरी अडचण वेळेची. आमच्या गावात घड्याळ नसतं, विमानं असतात. शेजारी कालेराक अग्निशमन दलात आहे. धावपट्टीवर विमान उभं असेपर्यंत त्याला लाल गाडीपासून हलता येत नाही, आणि म्हणून उरलेल्या वेळात तो इतरांना सल्ले देतो. त्यानं माझ्या स्वयंपाकघरात बसून माझीच बिस्किटं खात मला वेळापत्रक समजावून सांगितलं, ते वेळापत्रक एकोणीस वर्षं मीच वाचून दाखवतो आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही. शनिवारी साडेनऊला मोठं विमान येतं, एकपर्यंत लहान विमानं लोकांना किनाऱ्यावरच्या गावांना घेऊन जातात, दोन ते पाच सगळं गाव मोकळं. म्हणून दोन ते पाच. मग त्यानं केकबद्दलही मत दिलं. पन्नाशीला मार्झिपान हवंच, बदाम-साखरेचं ते गोड लिंपण. माझी बायको असती तर मार्झिपानशिवाय तिनं पन्नास व्हायलाच नकार दिला असता, असं तो म्हणाला. कालेराकला बायको नाही. याच कारणानं नसावी.

मी मार्झिपान मागवलं. त्याबरोबर केकवर टोचायचे पन्नास कागदी झेंडे. खोकं मंगळवारी कोपनहेगनच्या विमानानं आलं, हे मी स्वतः काचेतून पाहिलं. त्यावर माझं नाव होतं, आमच्या गावाचं नाव होतं. पण सामान चढवणाऱ्या हातांना एकोणीस वर्षांची सवय. आमच्याकडे उतरलेली वस्तू आमच्याकडेच राहायची असेल, हा विचार त्या हातांना कधी शिवलेलाच नाही. खोकं सरळ नूकच्या विमानात गेलं. मी माईकवरून ओरडलो असतो, पण खोकं ऐकत नाही. बुधवारी ते इलुलिसातला होतं. गुरुवारी कुणीतरी फोन करून सांगितलं की फार छान खोकं आहे, आणखी उत्तरेकडे पाठवलं आहे.

सासूबाई शुक्रवारी आल्या. बिबियाने त्यांना हाताला धरून चारशे पावलं घेऊन आली. दाराशी त्यांनी बूट काढले, सीलच्या कातड्याचे, स्वतः शिवलेले, घोट्यापाशी पांढरी किनार. पायपुसण्यावर ते जोडीनं ठेवले, टाचा घराकडे, बोटं बाहेर. निघायच्या तयारीतच. आत आल्या, खुर्चीवर बसल्या, पिशवी मांडीवर. बिबियाने पिशवी घ्यायला गेली तर म्हणाल्या, राहू दे, जड नाही. पिशवीत दोन किलो मत्ताक होतं, देवमाशाची चरबीसकट कातडी, चौकोनी तुकडे करून. रविवारचं परतीचं तिकीट होतं. ते त्यांनी मला दोनदा दाखवलं.

शनिवार उजाडला तो इतका लखलखीत की खाडीवरचा एकेक डोंगर जवळ येऊन उभा राहिल्यासारखा वाटत होता. मी रजा घेतली होती. आमच्या काचेच्या खोलीत माझ्याऐवजी सिग्ने होती. ही मुलगी चार महिन्यांपूर्वी डेन्मार्कहून आलेली. कामाची वाटणी अशी, की मी ग्रीनलंडच्या भाषेत सूचना द्यायची आणि तिनं ती डॅनिश आणि इंग्रजीत द्यायची. तिला नियमांची पुस्तिका पाठ होती आणि आमची भाषा शिकायची हौस होती. तिला मीच शिकवत होतो, रोज दोन विमानांच्या मधल्या वेळात. आमचा एकेक शब्द आगगाडीसारखा लांब असतो, ती बिचारी तिसऱ्या डब्यापाशीच पडायची. मी तिला धीर द्यायचो. एक दिवस सगळं समजेल, म्हणायचो.

साडेनऊला मोठं विमान आलं. दहाला किनाऱ्यावर धुकं उतरलं. आमच्याकडे ऊन, आणि नूकला धुकं, इलुलिसातला धुकं, सिसिमिउतला असं धुकं की कुत्र्याला शेपूट दिसेना. लहान विमानं जागच्या जागी उभी. एकशे ब्याऐंशी प्रवासी, जवळजवळ सगळे परदेशी पर्यटक, बाकांवर. मोठं विमान परत जाणाऱ्यांची वाट बघत धावपट्टीवर, आणि ते तिथं असेपर्यंत कालेराक लाल गाडीत. तिकिटवाले नवी तिकिटं लिहिताहेत, हॉटेलवाले गाद्या मोजताहेत, उपाहारगृहवाले एकशे ब्याऐंशी वाट्या रस्सा ढवळताहेत. थोडक्यात, गावातलं प्रत्येक माणूस कामाला जुंपलेलं.

दोन वाजले. कॉफी उकळत होती. टेबलावर मी केलेले सहा केक होते, मनुकांचे, टेकडीवरच्या काळ्या कावळबोरांचे, एक असा की ज्याच्याबद्दल आम्ही बोलायचं नाही असं ठरलं होतं. सव्वादोन. बिबियाने नवा मण्यांचा गळपट्टा घालून खिडकीशी उभी. अडीच. सासूबाई खुर्चीत ताठ बसून दाराकडे बघत होत्या. पायपुसण्यावर तीन जोड: माझे, बिबियानेचे आणि बोटं बाहेर करून ठेवलेले. त्यांनी गाणं म्हटलं नाही, ते फार वाईट लक्षण. म्हणाल्या, "कॉफी छान आहे. बाकावर देतेस तशीच." बिबियानेनं गळपट्टा नीट केला. तो नीटच होता.

मी टोपी घातली आणि विमानतळाकडे निघालो.

आत गर्दी अशी होती की पाय ठेवायला जागा नाही. मी एकेकाला गाठलं. सगळ्यांनी मान हलवली, सगळ्यांनी प्रवाशांच्या रांगेकडे बोट दाखवलं. तेव्हा माझ्या डोक्यात एक विचार आला, आणि तो मला फार चतुर वाटला. मी काचेच्या खोलीत गेलो, सिग्नेला म्हटलं जरा सरक, माईक घेतला आणि आपल्या भाषेत, म्हणजे जी फक्त आपल्याच माणसांना कळते त्या भाषेत, सांगितलं: "आज बिबियाने पन्नास वर्षांची झाली. एकतीस नंबरच्या घरात कॉफी उकळते आहे. ज्यांना पाय आहेत त्यांनी यावं." आवाज जरा कापला, ते मी कबूल करतो. मग मी माईक ठेवला आणि घराकडे वळलो. आपली पाचदहा माणसं पाचपाच मिनिटं तरी सुटतील, अशी आशा होती.

मी दारातून बाहेर पडत होतो तेव्हा मागून सिग्नेचा आवाज आला. डॅनिशमध्ये. मग इंग्रजीत. पुस्तिकेतला नियम चौथा: कोणतीही सूचना एका भाषेत दिली गेल्यास ती तिन्ही भाषांत द्यावी. भाषांतर अचूक होतं. नाव, वय, घराचा नंबर, कॉफी. पायसुद्धा. मी काचेतून तिच्याकडे पाहिलं तर तिचे डोळे भरून आले होते. खोलीचं दार उघडून ती म्हणाली, "सिवर्ट, मला सगळं समजलं. एकही शब्द अडला नाही."

मी तिला शाबासकी दिली.

कस्तुरीबैलांचा कळप मी मागे लागलेला पाहिला आहे. तो बरा. तो चाकांच्या बॅगा ओढत येत नाही. खडीवर एकशे ब्याऐंशी माणसांच्या बॅगांची चाकं खडखडत माझ्यामागून येत होती, आणि मी चारशे पावलं अशा चालीनं चाललो होतो की कुणाला वाटू नये मी पळतो आहे. पाच तास बाकावर बसलेल्या माणसांना पाय असल्याची आठवण करून दिली की ती कशी चालतात हे मला त्या दिवशी कळलं.

घराशी आल्यावर त्यांनी रांग लावली. प्रवाशांना दुसरं काही येत नाही. हातात विमानात चढायची चिठ्ठी, चेहऱ्यावर सहनशीलता. आणि मला, काय सांगू, सवयीनं दगा दिला. उंबऱ्यावर उभा राहून मी म्हणालो, लहान मुलं आणि वृद्ध आधी, मग एक ते दहा ओळी. ते आले. सगळ्यांनी बाहेर पायपुसण्यापाशी जोडे काढले, कारण पहिल्यानं काढले आणि रांगेत पहिला करतो तेच शेवटचा करतो. पायपुसणं भरलं, पायऱ्या भरल्या, जोड्यांची शेपटी रस्त्याला जाऊन लागली.

सासूबाई दाराकडे बघत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "जावईबुवा, हे तुमचे शेजारी?"

"हो," मी म्हटलं. "काही नवीन आहेत."

पुढचे दोन तास मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. केक वीस मिनिटांत संपले, ज्याच्याबद्दल बोलायचं नाही तोसुद्धा. अडकलेल्या प्रवाशांना जेवणाची कूपनं मिळाली होती, ती प्रत्येकानं सासूबाईंच्या हातात नम्रपणे ठेवली. त्यांना ती शुभेच्छापत्रं वाटली. त्रेसष्ट जमल्यावर त्या मला म्हणाल्या, तुमच्या गावात एकाच छापाची मिळतात वाटतं. पाहुण्यांना आमची रीत ठाऊक नव्हती, मागचा आला की उठायचं हे त्यांना कोण सांगणार. ते बसले ते बसलेच. तेव्हा सासूबाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली, शुक्रवारपासून पहिल्यांदा, आणि मत्ताक वाटायला घेतलं. एका उंच जर्मन गृहस्थानं मोठा तुकडा तोंडात टाकला आणि पुढचा अर्धा तास तो फक्त डोळ्यांनी आभार मानत होता. चावणाऱ्याला बोलता येत नाही आणि उठताही येत नाही, म्हणून मग सासूबाईंनी बिस्किटांचा रिकामा डबा उपडा केला, त्यावर बोटांनी ताल धरला आणि एकेका पाहुण्यावर गाणं रचून म्हणू लागल्या. त्याच्या नाकावर, तिच्या टोपीवर, कुणाच्या पायमोज्यातून डोकावणाऱ्या अंगठ्यावर. पाहुण्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण आपली थट्टा चालली आहे हे माणसाला कुठल्याही भाषेत कळतं. ते हसले, टाळ्या वाजवल्या, ज्याच्यावर गाणं झालं तो उठून उभा राहिला आणि वाकला. उठला की त्याची जागा मागच्यानं घेतली. काफेमिक सुरळीत चालू झालं.

मधेच कालेराक आला. गाडीपासून त्याला हलता येत नव्हतं म्हणून तो गाडी घेऊनच आला, शिरस्त्राण घालून. गाडीपासून फार लांब जायला नको म्हणून ती त्यानं दाराला जवळजवळ टेकवली होती. त्यानं दारावरचा 'शून्य विमाने, तीस माणसे' हा कागद वाचला, आत पाहिलं, ओठ हलवत मोजलं, आणि म्हणाला की तीसच्या वर त्याला मोजता येत नाही, ही त्याची लहानपणापासूनची अडचण आहे. मग तो कॉफी प्याला. उपाहारगृहातून रश्शाचं एक पातेलं आलं, पाहुण्यांच्या बॅगांतून चॉकलेटं निघाली, एका म्हाताऱ्या नॉर्वेजियन शिक्षिकेनं भांडी घासायला घेतली. बिबियाने दारात उभी राहून जोड्यांकडे बघत होती. पन्नास वर्षांची बाई, पण तिचा चेहरा लहान मुलीसारखा असा दिसत होता की मी बघायचं टाळलं. मला वाटलं, जिंकलो.

पाचला धुकं उठलं. वाऱ्यावरून सिग्नेचा आवाज आला, नूक, इलुलिसात, सिसिमिउत, सगळी विमानं लगेच निघणार. तिन्ही भाषांत, आणि पहिल्यांदाच आपल्या भाषेतली सूचनाही तिनंच दिली. मला अभिमान वाटायला हवा होता, पण वेळ नव्हता. विमानतळाची बस दाराशी येऊन भोंगा वाजवू लागली आणि एकशे ब्याऐंशी माणसं एकदम जोड्यांवर तुटून पडली. डावा कुणाचा, उजवा कुणाचा, कुणी एक पायात आणि एक हातात घेऊन चढलं. कुणी सासूबाईंचा मुका घेतला, कुणी बिबियानेचा, कुणी चुकून कालेराकचा. बस गेली. एकेक विमान उठलं, खाडीवर वळलं, दिसेनासं झालं. कालेराकची गाडीही जागेवर परत गेली.

घर एकदम मोठं झालं. सासूबाई दाराशी आल्या आणि रिकाम्या पायऱ्यांकडे बघत उभ्या राहिल्या.

"आले आणि गेले," त्या म्हणाल्या. "मी काय म्हणत होते एकोणीस वर्षं? तुमचे पाहुणेसुद्धा प्रवासीच गं, बिबियाने."

चिमटा नव्हता त्यात. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, आणि तेच जास्त लागलं. बिबियाने कप उचलून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, पण कप ठेवल्याचा आला नाही. मी उंबऱ्यात उभा. इतक्या माणसांना मी आयुष्यभर धीराचे शब्द सांगितले आणि त्या वेळी माझ्याकडे एक नव्हता. म्हणून मी पायपुसणं झटकायला घेतलं.

तेव्हा दिसलं. पायपुसण्यावर माझे बूट होते. बिबियानेचे होते. आणि तिसऱ्या जागी दोन जाडजूड गिर्यारोहणाचे बूट, लाल नाड्यांचे. पांढऱ्या किनारीचे सीलचे बूट कुठंच नव्हते.

आम्ही पायऱ्यांखाली पाहिलं, गटारात पाहिलं, कोल्ह्यानं पळवले असतील म्हणून टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. मी सगळ्या विमानतळांना फोन लावले. सासूबाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. मी म्हटलं, आई, उद्या हे लाल नाड्यांचे घालून जा, मी तुमचे मागून पाठवतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नाड्यांबद्दल माफी मागितली. परक्याचे बूट घालून मी सिसिमिउतच्या रस्त्यानं चालणार नाही, त्या म्हणाल्या. स्वतःच्या पायांनी येते, नाहीतर येत नाही.

रविवारचं विमान त्यांच्याशिवाय गेलं. त्या विमानाची सूचना मीच दिली. इतक्या आनंदानं मी कधी कुणाचं विमान सोडलं नव्हतं आणि आवाजात तो येऊ नये म्हणून फार सांभाळावं लागलं.

आणि मग, रविवारी दुपारी, दोन विमानांच्या मधल्या वेळात, तिकीट खिडकीवरची अब्लोने आली. काल जमलं नाही म्हणून आज आले, म्हणाली. जोडे काढले, दोन कप प्याली, उठली. सोमवारी हॉटेलचा आचारी आला, मग हवामान खात्यातले दोघं आले, मग तेच सामान चढवणारे हात, जरा ओशाळून, खोक्याची बातमी घेऊन. मंगळवारी साहेब आले आणि त्यांनी दारावरचा कागद स्वतःच्या पेनानं दुरुस्त केला. सिग्ने रोज येऊ लागली, कारण सासूबाईंनी तिची शिकवणी माझ्याकडून काढून घेतली. तिच्या उच्चारांवर माझी छाया पडली आहे, ती पुसायला वेळ लागेल, असं त्यांचं मत पडलं. कालेराक तर दिवसातून दोनदा यायचा आणि त्यांना सल्ले द्यायचा. सासूबाई त्याच्यावर गाणी रचायच्या, तो डोलायचा, आणि पुढच्या खेपेला उत्तर बांधून आणायचा. फार वाईट उत्तरं. पण आणायचा.

एकदम कुणी आलं नाही. पायपुसण्यावर कधी एक जोड जास्त, कधी दोन. चौथ्या दिवशी मी पाहिलं की सासूबाईंना ते जोड ओळखू येऊ लागले आहेत. आत बसल्या बसल्या, पायरीवरच्या धपकन आवाजावरून म्हणायच्या, हवामानवाला आला, बिबियाने, त्याला साखर तीन चमचे लागते.

अकराव्या दिवशी कालेराक लाल गाडीतून दोन वस्तू घेऊन आला. एक खोकं, त्यावर नऊ चिठ्ठ्या. सगळा किनारा हिंडून अखेर ते आपल्याच गावी उतरवलं गेलं होतं, तेही कालेराक विमानाखाली उभा राहून ओरडला म्हणून. दुसरी एक कापडी पिशवी. पिशवीत पांढऱ्या किनारीचे बूट आणि नॉर्वेजियन शिक्षिकेची चिठ्ठी. आयुष्यात इतकं ऊबदार पायात कधी घातलं नव्हतं म्हणून दोन दिवस आपल्याला चूक कळलीच नाही, असं तिनं लिहिलं होतं, आणि खाली माफी तीनदा. लाल नाड्यांचे बूट तिनं परत मागितले नव्हते. ते तिला कायम चावायचे.

बिबियानेनं दुपारी मार्झिपानचा केक केला, पन्नास झेंडे टोचले. सिग्ने होती, कालेराक होता, येत-जात चौदापंधरा जण झाले. या दोघांखेरीज सगळे गेल्यावर सासूबाई उठल्या. बूट पायात चढवले, किनार चाचपली. पिशवी उचलली.

"जावईबुवा," त्या म्हणाल्या, "सिसिमिउतचं विमान किती वाजता?"

चार दहाला होतं. मला ते झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. बिबियाने सुरी धुता धुता थांबली होती. मी दारात ताठ उभा राहिलो, घसा साफ केला आणि माझ्या कामाच्या आवाजात, माईकशिवाय, म्हणालो:

"सिसिमिउतला जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. खराब हवामानामुळे आपलं विमान उशिरा सुटेल. पुढच्या सूचनेपर्यंत वाट पाहावी."

सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. आभाळात एक ढग नव्हता. स्वयंपाकघरातून बिबियानेनं तीच सूचना डॅनिशमध्ये दिली, आवाज जरा ओला होता. भांडी पुसणाऱ्या सिग्नेनं, नियम चौथा, ती इंग्रजीत दिली. कालेराकला आणखी भाषा येत नाही, त्यानं बाहेर जाऊन लाल गाडीचा भोंगा वाजवून दाखवला.

सासूबाईंचे ओठ हलू लागले. बोटं पिशवीवर वाजू लागली.

*माझ्या लेकीच्या गावाला, दारं आहेत गं दोन*
*जोडा घालून गेलं कोण, जोडा घेऊन आलं कोण*
*बसलं कोण?*

मग त्या आमच्या दाराजवळच्या बाकावर टेकल्या. एक बूट काढला आणि मला विचारलं, पुढची सूचना कधी. मी म्हटलं, दहा मिनिटांनी. त्यांनी दुसरा काढला. पायपुसण्यावर दोन्ही जोडीनं ठेवले, या वेळी बोटं आतल्या बाजूला.

तेवढ्यात फोन वाजला. सिसिमिउतहून त्यांची बहीण. तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता: निघालीस का, विमानतळावर आहेस का, विमान आलं का.

"विमानतळावर कशाला असेन?" सासूबाई म्हणाल्या. "घरी आहे."

ही सूचना मात्र एकाच भाषेत झाली. नियम चौथा ठाऊक असूनही सिग्नेनं ती पुन्हा सांगितली नाही.